नानाची जांभई

नाना गेल्याची तार नामपूरला आली तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलीच होते. खोटं कशाला सांगू? गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की लोकांची लेखणी एकदम मऊ होते, आणि ज्याच्याशी जन्मभर वाद घातला तो जणू देवमाणूस होता असं छापून येतं. मला ते जमायचं नाही. नाना माझा थोरला भाऊ. नाशिकच्या कोर्टात वकिली करणारा, पंचवटीत राहणारा, आणि उरलेला सगळा वेळ कुत्र्यांच्या पाठीवरचे केस बघत बसणारा... त्याने मला जितकं छळलं तितकं माझ्या सासरच्यांनीही छळलं नाही, आणि तो गेल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातली एकच सांगून मी गप्प बसणार नाही.

माझ्या लेकीच्या, सुशीलेच्या, दुसऱ्या बाळंतपणाला मी नामपूरला गेले होते. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, म्हणून या खेपेला तिला माहेरी न आणता मीच तिकडे गेले. निघायच्या दिवशी सकाळी दारात हुसेनभाईंचा टांगा उभा होता, माझी ट्रंक चढवून झाली होती, आणि मी नानाच्या खोलीच्या उंबरठ्यावर उभी राहून त्याला बोलत होते. दिवाळीपासून त्याचं लक्षण मला ठीक दिसत नव्हतं. जिना चढताना मधेच थांबायचा, कठडा धरून खाली अंगणात काहीतरी पाहतोय असं दाखवायचा, डावा हात चोळायचा. डॉक्टरला दाखव, डॉक्टरला दाखव, म्हणून माझं तोंड दुखलं होतं. मी परत येईन तेव्हा तू डॉक्टरकडे जाऊन आलेला असशील एवढं कबूल कर, म्हणजे मी सुखाने जाते, असं त्याला म्हटलं. नानाने खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवली, खिडकीतून बाहेरच्या तुळशीकडे पाहिलं, आणि चांगली मोठी, दाढा दिसतील अशी जांभई दिली. मी तणतणत टांग्यात जाऊन बसले. माझ्या सख्ख्या भावाचं मला घडलेलं शेवटचं दर्शन ते तेवढंच.

नामपूरहून मालेगाव, मालेगावहून सर्व्हिस मोटार... मी पोचले तेव्हा गोदावरीवरून माणसं परत आली होती. हुसेनभाईंनी सगळं सांगितलं. नानाची छत्री टांग्यात राहिली होती, ती द्यायला ते संध्याकाळी आले, तर नाना खुर्चीत तसाच बसलेला, मान खिडकीकडे. खुर्चीखाली आमची कुत्री ठकी. मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे, आणि कोणाला जवळ येऊ देईना. शेजारची माणसं गोळा झाली, कोणी म्हणालं पिसाळली, कोणी काठी आणायला धावलं. हुसेनभाईंनीच त्यांना अडवलं, आणि तिला पोत्यात लपेटून उचलून परसात नेलं. तिने त्यांच्या मनगटाला दात लावले, पण रुतवले नाहीत. मला हे सांगताना ते मनगट त्यांनी मागे धरलं होतं.

कुत्र्यांचं हे खूळ नानाच्या डोक्यात शिरलं ते वणीला. आमचे वडील मामलेदार कचेरीत कारकून होते आणि आमचं लहानपण तिथे गेलं. गडावर जाणारे यात्रेकरू आमच्या आळीवरून जायचे, पडवीत बसून भाकरी सोडायचे, आणि गावची सगळी कुत्री त्यांच्याभोवती. बाकीची पोरं गोट्या खेळायची तेव्हा नाना ओट्यावर बसून कुत्री बघायचा. एकदा मी न् तो तळ्याकडून येत होतो तेव्हा एक भलं थोरलं तांबडं कुत्रं केस फुलवून आमच्या अंगावर आलं. मी किंचाळत पळाले, ते माझ्या मागे आलं आणि माझ्या पोटरीचा लचका तोडला. नाना तिथेच उभा होता, कुत्र्यापासून अंग वळवून, आकाशाकडे बघत. त्याला काही झालं नाही. मी रडत रडत घरी आले तर हा आईला सांगतो, ती पळाली म्हणून चावलं. माझ्या पोटरीवर हळद दाबली जात होती आणि हा मला समजावत होता की कुत्रं चिडलेलं नव्हतंच, घाबरलेलं होतं. चावलं मला, आणि वकिली कुत्र्याची! पुढे तो वकील झाला याचं मला तरी नवल वाटलं नाही.

तीस सालच्या सुमाराला माझे यजमान गेले आणि मी सुशीलेला घेऊन नाशकात नानाकडे आले. वहिनी त्याआधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. नानाने मला एका शब्दाने विचारलं नाही, वरची खोली झाडून घेतली, आणि सुशीलेचं नाव शाळेत घातलं. हे मी मान्य करते. पण तो बोलेल तर शपथ. सुशीलेचं पुढे काय, तिला कोण बघणार, बिनबापाच्या पोरीला स्थळ कुठून येणार, या काळजीने माझं डोकं सारखं फिरलेलं असायचं. मला दुसरं काही नको होतं. हा माझ्या बाजूने उभा आहे की नुसता छप्पर देऊन मोकळा झालाय, एवढंच मला कळायला हवं होतं. त्यासाठी मी त्याच्याशी बोलायला जायची. बोलता बोलता माझा आवाज चढायचा, आणि आवाज चढला रे चढला की नाना तोंड फिरवायचा आणि जांभई द्यायचा. कोणाचंही टाळकं फिरेल. मी हातात जे असेल ते आपटून स्वयंपाकघरात निघून जायची, थोड्या वेळाने माझं मलाच बरं वाटायचं, आणि चहा घेऊन पुन्हा त्याच्या खोलीत जायची. चहा तो घ्यायचा. बोलायचा नाहीच.

कुत्र्यांबद्दल मात्र किती बोलायचा ते विचारू नका. कोर्टाच्या आवारात टांग्याखाली सापडलेलं पिल्लू तो घरी घेऊन आला आणि त्याचं नाव ठेवलं ठकी. आमच्या सख्ख्या आत्याचं नाव ठकूताई. मी त्याला म्हटलं, अरे आत्या अजून जिवंत आहे, तर म्हणाला, तिच्यासारखीच बघते, मान तिरकी करून. ठकीला घरात घेण्यावरून मी जो गोंधळ घातला तो घातला, पण ती राहिलीच. मग रोजचे धडे. चुलीवर दूध उतू जातंय आणि हा दारात उभा राहून सांगतोय की केस उभे राहणं कुत्र्याच्या हातात नाही, आपल्या अंगावर काटा येतो तसंच ते. कीर्तनात येतो, थंडीने येतो, भीतीने येतो, खूप दिवसांनी माहेरचं माणूस दिसलं तरी येतो. मग काटा आला म्हणजे माणूस चिडला असं म्हणतेस का? नुसत्या केसांवर निकाल द्यायचा नाही, यमे, सगळं अंग वाचायचं. वजन पुढच्या पायांवर आहे की मागच्या, शेपूट ताठ आहे की पोटाखाली, डोळ्याचं पांढरं दिसतंय का, अंग लाकडासारखं झालंय की ढिलं आहे... सुशीला शाळेतून आली की ठकीच्या पाठीवर केस उभे राहायचे आणि तिचं सगळं ढुंगण हलायचं, ते मला हाताला धरून नेऊन दाखवायचा. इकडे दुधाची साय चुलीत.

त्याच्या खोलीतली ती वेताची खुर्चीही अशीच. दाराकडे तोंड करून ठेवायची तर हा आडवी ठेवायचा, खिडकीकडे. पक्षकार यायचे, आधीच घाबरे झालेले, भांडणाने पेटलेले, आणि त्यांना बोलावं लागायचं नानाच्या कानाशी. वकीलसाहेबांना शिष्टपणा फार, असं लोक म्हणायचे. माझ्या कानावर यायचं. मी रोज केर काढताना खुर्ची सरळ करायची, तो बसायच्या आधी आडवी करायचा. इतकी वर्षं आम्ही दोघांनी त्या खुर्चीवरून एक शब्दही न बोलता भांडण केलं.

आता पिंपळगावचं सांगते. ते सांगितल्याशिवाय माझा राग कोणाला कळायचा नाही.

सुशीला लग्नाची झाली आणि पिंपळगाव बसवंतचं एक स्थळ आलं. घरची शेती, कांद्याचा व्यापार, मुलगा इंग्रजी शिकलेला आणि बोलायला सौम्य. बिनबापाच्या पोरीला असं स्थळ येतं कुठे? पत्रिका जुळली, मुलगी पसंत पडली, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. मुलाचे चुलते, तात्या, घरचे कर्ते. कुलदैवत खंडोबा. आणि त्यांच्या घरची एक रीत होती. येणाऱ्या सुनेने सुपारीआधी चंपाषष्ठीला त्यांच्या घरी यायचं आणि देवाच्या नैवेद्यातला घास आपल्या हाताने दारच्या कुत्र्याला घालायचा. कुत्रं खंडोबाचं. त्याने घास घेतला की देवाने सून पदरात घेतली. आजवर त्या घरच्या सगळ्या सुनांचा घास कुत्र्याने घेतला होता, आणि न घ्यायला काय झालं? वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा कोणतं कुत्रं सोडतं? मी निर्धास्त होते. घरात कुत्र्यांचा एवढा मोठा पंडित असताना मला कशाची भीती?

आम्ही तिघं गेलो. अंगणात माणसांची गर्दी, हलगी वाजतेय, पोरं ओरडताहेत. तळी उचलली, येळकोटाचा गजर झाला, आणि भंडाऱ्याच्या मुठीच्या मुठी उधळल्या. कुत्रं एरवी मळ्यात मोकळं फिरणारं. त्या दिवशी देवाचं म्हणून त्याला आंघोळ घातलेली, गळ्यात झेंडूची माळ, आणि कांद्याच्या चाळीच्या खांबाला बांधलेलं. डोक्यावर हळद, डोळ्यांत हळद. सुशीला पत्रावळीवर रोडगा घेऊन पुढे गेली तसं ते मागे सरलं, खांबाला टेकलं, आणि त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत केसांची रांग उभी राहिली. गुरगुरलं. हलगी थांबली. बायकांनी पदर तोंडाला लावले. सुशीला पत्रावळ धरून तशीच उभी. तात्या हलकेच म्हणाले, ‘देव नाय म्हनतोय.’

स्थळ हातचं जातंय असं मला दिसलं. पण तात्या भला माणूस. त्यांनी नानाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘वकीलसाहेब, तुम्हाला कुत्र्यांचं लय कळतं म्हनत्यात. चिडलं हाय ना हे?’

सगळं अंगण नानाकडे बघत होतं. मी तर डोळ्यांत प्राण आणून बघत होते. एक वाक्य हवं होतं मला. चिडलेलं नाही, भुकेलं आहे, घास घेईल... एवढंच. उभा जन्म वकिली केलेल्या माणसाला एवढं म्हणायला काय जड होतं? नानाने चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला, आणि साक्षीपुरावा तपासावा तसा कुत्र्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला की हे चिडलेलं नाही, वजन मागच्या पायांवर आहे आणि शेपूट पोटाखाली आहे, हे भ्यालंय, आणि पुढे यावं की पळावं ते त्याला ठरवता येत नाहीये. तात्यांनी विचारलं, मग घास घेईल का? नाना म्हणाला, ‘तसं खात्रीने सांगता येत नाही.’

देवा. मला त्या क्षणी वाटलं, कुत्र्याऐवजी मीच याला चावावं.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण नानाने चपला काढल्या, गर्दीतून पुढे गेला आणि कुत्र्यापासून चार हातांवर जमिनीवर उकिडवा बसला. कुत्र्याकडे एक खांदा, तोंड भलतीकडे, आणि त्या अख्ख्या अंगणाच्या, देवाच्या टाकांच्या, नैवेद्याच्या ताटाच्या समोर, त्याने जबडा पसरून जांभई दिली. मी डोळे मिटून घेतले. उघडले तोवर त्याने दुसरी दिली.

तात्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ते ओरडले नाहीत. ‘देवाच्या निवदाम्होरं जांभई देतो मानूस...’ एवढंच म्हणाले, फेटा सावरला आणि आत गेले. त्यांच्यामागे बाकीचे गेले. मुलगा उंबऱ्यात जरासा घुटमळला, त्याने सुशीलेकडे पाहिलं, मग कोणीतरी आतून हाक मारली आणि तोही गेला. अंगण रिकामं झालं. आणि मग, आवाज थांबल्यावर, त्या कुत्र्याने अंग झाडलं, हळदीचा ढग उठला, पाठीवरचे केस हळूहळू खाली बसले. ते नानाच्या बाजूने वास घेत पुढे आलं आणि सुशीलेच्या हातातला रोडगा त्याने अलगद उचलून घेतला. भरीत खाल्लं, तिची बोटं चाटली. मी आत जाऊन सांगितलं, घेतला, घेतला घास. माझं कोणी ऐकलं नाही. एक बाई म्हणाली, आता काय उपेग. चार दिवसांनी निरोप आला, योग नाही.

परतीच्या मोटारीत मी नानाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुशीला खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं होतं, निदान आज तरी हा माणूस चुकलो म्हणेल. तो म्हणाला की कुत्री एकमेकांना जांभई देऊन सांगतात, मी भांडायला आलो नाही, तू शांत हो. कधी कधी स्वतःच भ्यालेलं कुत्रंही जांभई देतं, स्वतःला सावरायला. त्या कुत्र्याला तेच सांगायला हवं होतं, दुसरा उपाय नव्हता. मी म्हटलं, कुत्र्याला सांगितलंस, माणसांना काय कळलं? माझ्या पोरीचं लग्न मोडलंस तू, कळतंय का तुला? तेव्हा तो म्हणाला, ‘यमे, तू चिडलेली नाहीस. तू भ्याली आहेस.’

या वाक्याचा मला जो संताप आला तो तोवर कशाचाच आला नव्हता. मी कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नाही. ताट वाढायची, खाली ठेवायची, निघून जायची. तो निमूट जेवायचा. आणि सगळ्यांत कमाल म्हणजे पुढे त्या पिंपळगावच्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं, जमिनीच्या कसल्याशा कामासाठी तो कोर्टात आला, तर नाना त्याला घेऊन चहाला गेला. मला येऊन सांगतो, चांगला मुलगा आहे, कुत्र्याची चौकशी केली, बरं आहे म्हणाला. कुत्रं बरं आहे!

नामपूरचं स्थळ नानानेच आणलं, हेही सांगायला हवं. भर उन्हाळ्यात तो तिकडे दोनदा गेला, आला तो काळाठिक्कर पडून. मुलगा मास्तर, माणसं साधी. सुशीलेला पहिल्यांदा पाहून तिच्या सासूबाई म्हणाल्या, ‘पोर चांगली शे,’ आणि तिथल्या तिथे ओटी भरली. ना कुत्रं, ना घास. सुशीला सुखात आहे. मग तुमची तक्रार काय, असं कोणी विचारेल. माझी तक्रार ही, की त्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी रडून रडून नानाला म्हटलं, तू होतास म्हणून झालं रे सगळं, आणि त्यावर त्याने मान वळवून जांभई दिली.

बाळंतपणाला सव्वा महिना झाल्यावर सुशीला बाळाला घेऊन आली. मामाच्या खोलीत गेली, खूप रडली, मग आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसलो. ठकी खुर्चीखाली होती. परसातून परत आणल्यापासून ती तिथून हलत नव्हती. हुसेनभाई आले की त्यांच्या हातचं थोडं खायची, माझ्या हातचं नाही. मी भाकरी घेऊन जवळ गेले की पाठीवर केस उभे. शेजारी सांगत होते, म्युनिसिपालिटीच्या माणसाला बोलवा, किती दिवस हे चालवणार? मी सुशीलेला सगळं सांगत होते, शेवटच्या दिवसाचंही. म्हटलं, मी जीव तोडून सांगतेय डॉक्टरकडे जा, आणि हा जांभई देतोय. जन्मभर माझ्या बोलण्याची याला झोपच आली.

सुशीला बाळाला थोपटत होती. ती म्हणाली, ‘आई, मामा दुसऱ्या कोणापुढे जांभई देत नसे. मी कधी पाहिली नाही. फक्त कुत्र्यांपुढे आणि तुझ्यापुढे.’

मी म्हटलं, म्हणजे मी काय कुत्री? तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तोंड वळवून खिडकीबाहेर बघत बसली, अगदी मामासारखी... आणि मला ते कळलं. मोटारीतलं त्याचं वाक्य, स्वयंपाकघरात जाऊन मला बरं वाटायचं ते, चहा घेऊन परत जायची ते, सगळं एकदम कळलं. मी भ्यालेली असायची. यजमान गेल्या दिवसापासून मी भ्यालेलीच होते, आणि ते नानाला रोज दिसत होतं. तो माझ्या बाजूने उभा होता की नाही, हे मी इतकी वर्षं त्याच्या तोंडून ऐकायला बघत होते, आणि तो बापडा ते मला रोज सांगत होता, त्याला येणाऱ्या एकुलत्या एक भाषेत.

यावर मला गहिवर यायला हवा होता. आला तो संतापच. अरे, तुला देवाने जीभ दिली होती ना? कोर्टात तास तास बोलायचास ना? ‘यमे, मी आहे, भिऊ नको,’ एवढं म्हणायला काय झालं होतं? मी माणूस आहे, मला माणसासारखं सांगायचं. तो असता तर हे सगळं त्याच्या तोंडावर बोलले असते, आणि त्याने काय केलं असतं तेही मला माहीत आहे.

सुशीला परत गेल्यावर एका दुपारी मी ठकीसाठी भाकरी दुधात कुस्करून नानाच्या खोलीत गेले. ती खुर्चीखालून गुरगुरली, केस उभे. या वेळी मी वाटी जमिनीवर ठेवली आणि खुर्चीत बसले. खुर्ची आडवीच होती. तो गेल्यापासून ती सरळ करायला माझा हात गेला नव्हता. तुळशीकडे तोंड केलं आणि जांभई दिली. पहिली खोटी होती, नाटकातली. दुसरी आपोआप आली. मला वाटलं, यमे, काय चाललंय तुझं हे, कोणी पाहिलं तर... आणि मग वाटीचा आवाज आला. ती चाटूनपुसून खात होती. खाऊन झाल्यावर तिने माझ्या पायावर हनुवटी ठेवली. मला रडू फुटलं. मोठ्याने रडले. ठकी हलली नाही.

आता रोज दुपारी मी तिथे बसते. पण मला एक गोष्ट छळते आणि ती विचारायला कोणी उरलेलं नाही. मोटारीत तो म्हणाला होता, कुत्रं दोन कारणांनी जांभई देतं, दुसऱ्याला शांत करायला, नाही तर स्वतः भ्यालेलं असलं म्हणून. मग मी नामपूरला निघाले त्या सकाळची जांभई कोणाची होती? माझ्यासाठी होती, की त्याला स्वतःला काहीतरी कळून चुकलं होतं? तोच सांगायचा, एकट्या गोष्टीवर निकाल द्यायचा नाही, सगळं अंग वाचायचं. त्या दिवशी त्याच्या अंगात अर्ध्या बाह्यांची बंडी होती, हात उघडे होते, मी उंबरठ्यावर होते. चार पावलांवर. त्याच्या हातावर काटा उभा राहिला होता का, ते मी पाहिलं नाही.